लोकरीला तिचे तेल परत द्या
घोंगडी, कांबळी आणि स्वेटरची निगा : दुकानदार व कारागिरांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी

दिवाळी सरली की आमच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाईके येतात. एक नवीन माल घ्यायला येणारी आणि दुसरी जुना माल दाखवायला येणारी. ट्रंकेतून काढलेली घोंगडी काउंटरवर टाकून म्हणतात, "चाचा, बघा हो, कशी खरखरीत झाली! वडिलांच्या वेळेला अशी नव्हती." कुणाचा स्वेटर आखडलेला असतो, कुणाच्या कांबळ्याचा धागा हात लावताच तुटतो. बहुतेक दुकानदार अशा वेळी म्हणतात, "जुना झाला, आता नवीन घ्या." मीही कित्येक वर्षे हेच सांगत होतो. पण माल जुना झाला आणि माल कोरडा पडला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळायला मला बरेच नुकसान सोसावे लागले. आपल्या व्यापारी बांधवांचे ते वाचावे म्हणून हा लेख.

लोकरीचे तेल म्हणजे काय?

मेंढीच्या कातडीतून एक चिकट पदार्थ सतत पाझरत असतो. तो लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बसतो आणि पावसापाण्यापासून मेंढीला सांभाळतो. धनगराच्या हाताला जो चिकटपणा आणि वास असतो तो याचाच. कातरलेल्या कच्च्या लोकरीत याचे प्रमाण जातीप्रमाणे बदलते. बारीक मेरिनो लोकरीत वजनाच्या १० ते २५ टक्क्यांपर्यंत हे तेल निघते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ असल्यामुळे तिच्यात ते बरेच कमी असते. गिरणीत लोकर गरम पाण्याने व साबणाने धुतात तेव्हा हे तेल सुटते. ते पाणी यंत्रात घुसळून तेल वेगळे काढतात आणि शुद्ध करतात. त्यालाच बाजारात लॅनोलिन म्हणतात. १८८२ साली जर्मनीत लिब्राइख आणि ब्राउन या दोघांनी ते शुद्ध करण्याची रीत पेटंट केली. लॅटिन भाषेत लोकरीला 'लाना' आणि तेलाला 'ओलियम' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

पण वस्तू नवीन नाही. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला युनानी दवाखान्याच्या बरण्यांवरची नावे वाचायची सवय होती. त्यातली 'जूफा-ए-रतब' म्हणजे हेच लोकरीचे तेल. ग्रीक हकिमांनाही ते ठाऊक होते आणि अरबी-फारसी वैद्यकात ते मलमांसाठी वापरले जात असे. आज ते क्रीम, लिपस्टिक, मलम आणि गंज न चढू देणारे वंगण यांत जाते. जीवनसत्त्व ड-३ च्या गोळ्यांचा कच्चा मालही बहुतांशी यातूनच येतो.

एक शंका गिऱ्हाईक हमखास विचारते, "ही चरबी आहे का?" उत्तर साफ द्यावे. ही कापलेल्या जनावराची चरबी नव्हे. जिवंत मेंढीची लोकर कातरतात, त्या लोकरीवरून हे निघते. रसायनाच्या भाषेत तर हे तेलही नव्हे, मेण आहे. म्हणूनच ते खोबरेल किंवा तुपासारखे लवकर खवट होत नाही. साधारण ४० अंशांच्या आसपास ते वितळते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माझे पहिले नुकसान

१९९६ सालच्या पावसाळ्यात आमच्या गोदामाचे पत्रे गळले आणि चाळीस कांबळी भिजली. माल लोकरीचा, चांगला होता. एका व्यापाऱ्याला मी तो थंडीत देण्याचा वायदा केला होता. वास जावा म्हणून मी सगळी कांबळी एका धुलाईवाल्याकडे दिली. त्याने सुती चादरीला लावतो तोच न्याय लावला. उकळते पाणी, धुण्याचा सोडा आणि भट्टी. माल परत आला तेव्हा सहा फुटांचे कांबळे पाच फुटांवर आले होते. हाताला पुठ्ठ्यासारखे लागत होते. मी त्या माणसाशी भांडलो. पण खरी चूक माझीच होती. मी त्याला लोकर आहे म्हणून बजावले नव्हते आणि बजावायचे काय हे मला तरी कुठे ठाऊक होते?

आमच्या शेजारी एक पिंजारी चाचा राहत असत. कापूस पिंजण्यात आणि लोकर दाबून बुरणूस करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी एक कांबळे हातात घेतले, नाकाला लावले आणि म्हणाले, "बेटा, तू याचे तेलही काढलेस आणि वर याचा बुरणूसही केलास."

त्या एका वाक्यात सगळे आले. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, सोडा आणि घासणे हे तीन एकत्र आले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आखडून जाड होते. बुरणूस करताना पिंजारी हेच मुद्दाम करतो. (हा शब्दही अरबी 'बुरनूस'वरून आला आहे.) एकदा असे आखडलेले कापड पूर्वीसारखे होत नाही. सोड्याने तेल जाते ते वेगळेच. आखडणे हा न बरा होणारा रोग आहे. कोरडेपणा मात्र बरा होतो. चाळीसपैकी कापड कमी आखडलेली अकरा कांबळी मी पुढे लॅनोलिन देऊन विकली. बाकीची बैलगाडीवाल्यांनी झुली म्हणून नेली.

आधी ओळखा : लोकर आहे का?

उपचार करण्यापूर्वी माल खरोखर लोकरीचा आहे का हे पाहावे. ॲक्रिलिकवर लॅनोलिन लावून काही उपयोग नाही. ते नुसते चिकट होईल.

कापडाच्या कडेचा उभा धागा एक आणि आडवा धागा एक असे दोन्ही काढा. चिमट्यात धरून काडी लावा. लोकर हळू जळते, जळालेल्या केसांचा वास येतो, काडी दूर केली की बहुधा विझते आणि राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी होतो. सूत कागदासारखे जळते. केसांचा वासही आला आणि मणीही झाला तर माल मिश्र आहे. दोन्ही धागे तपासायचे कारण असे की, पुष्कळ मालात उभा धागा सुताचा असतो. आणखी एक परीक्षा आहे. काचेच्या भांड्यात कपडे पांढरे करायचे क्लोरीनचे पाणी घेऊन त्यात धागा रात्रभर ठेवा. खरी लोकर विरघळून जाते, ॲक्रिलिक तसेच राहते. यावरून हेही समजते की, लोकरीच्या कपड्याला ते पाणी चुकूनही लावू नये.

ही परीक्षा मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. २००४ सालच्या थंडीत बाहेरगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून मी कांबळ्यांचे गाठोडे घेतले. हाताला मऊ आणि वास थेट मेंढीचा. शुद्ध लोकर म्हणून त्याने दिले आणि मीही माझी जबान देऊन तसेच विकले. पंधरा दिवसांनी ओळखीचे एक धनगर तात्या दुकानात आले. त्यांनी कांबळे उलटसुलट केले, एक धागा ओढला, खिशातली काडी पेटवली आणि धाग्याला लावली. टोकाला काळा मणी झाला. तो मणी त्यांनी काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "भाई, मेंढी अशी जळत नाही."

दुकानात चार गिऱ्हाईके उभी होती. मला मान वर करवेना. चौकशी केल्यावर कळले की, मिश्र मालावर लॅनोलिनचा हात फिरवून मेंढीचा वास आणला होता. मी सव्वीस कांबळी विकली होती. वहीत उधारीवाल्यांची नावे होती, रोखीवाल्यांची आठवून काढली. घरोघरी निरोप पाठवला की, माल शुद्ध नाही, पैसे परत घेऊन जा. एकोणीस परत आली. बाकीच्यांनी किंमत कमी करून ठेवून घेतली. त्या वर्षीचा नफा त्यात गेला. पण ज्यांना पैसे परत मिळाले त्यांतली बहुतेक घरे आजही माझ्याकडेच येतात.

म्हणून सांगतो, वासावर माल घेऊ नका आणि वासावर विकू नका. लॅनोलिन ही कापडाची दवा आहे. तिचा उपयोग बुरखा म्हणून करणे हा धंदा नव्हे, धोका आहे. मिश्र माल विकण्यात काही गैर नाही. पानिपतच्या कांबळ्यांनी गरिबाच्या घरी ऊब पोहोचवली आहे. पण मिश्र माल मिश्र म्हणूनच विकावा.

धुण्याची रीत

लोकर वारंवार धुवायची वस्तू नाही. झटकणे, ब्रश मारणे, वारा देणे यानेच निम्मे काम होते. धुवायचीच वेळ आली तर :

१) पाणी कोमट हवे, मनगटाला ना गार ना गरम लागेल असे. धुण्याचे आणि खंगाळण्याचे पाणी सारख्याच उष्णतेचे ठेवा. गरमातून एकदम गारात टाकू नका.
२) रिठ्याचे पाणी सर्वांत चांगले. रिठे रात्री भिजवून सकाळी कुस्करून गाळून घ्या. रिठा खाऱ्या पाण्यातही काम करतो. नाही तर लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण. सोडा आणि नेहमीची धुण्याची पावडर नको.
३) घासू नका, आपटू नका. पंधरा मिनिटे बुडवून हाताने दाबत राहा.
४) पिळू नका. मोठ्या टॉवेलात गुंडाळून दाबा म्हणजे पाणी टॉवेलात जाते.
५) दोरीवर टांगू नका. ओली लोकर आपल्याच वजनाने लांबते. सावलीत बाजेवर किंवा चटईवर पसरून वाळवा.

तेल देण्याची रीत

औषधी प्रतीचे निर्जल लॅनोलिन घ्यावे. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या बाजारात आणि मोठ्या शहरांतल्या रसायन विक्रेत्यांकडे ते मिळते. रंग फिकट पिवळा, पोत घट्ट तुपासारखा. 'जलयुक्त' लॅनोलिनमध्ये पाव हिस्सा किंवा जास्त पाणी असते, तेव्हा भाव करताना चिठ्ठी वाचा.

प्रमाण मी असे ठेवतो : कोरड्या कापडाचे वजन करायचे. १ किलो लोकरीला मऊपणासाठी १५ ग्रॅम लॅनोलिन. पावसात, शेतात वापरायचे कांबळे असेल आणि पाणी झटकून जावे असे वाटत असेल तर ३० ग्रॅम. साध्या स्वेटरला चहाचा एक चमचा पुष्कळ झाला.

अर्धा लिटर चांगले गरम पाणी घ्या. त्यात लॅनोलिन आणि तितकाच सौम्य द्रव साबण किंवा बाळांचा शाम्पू घाला. बाटलीत भरून किंवा रवीने घुसळत राहा, ते दुधासारखे पांढरे होईपर्यंत. इथेच बहुतेकांची चूक होते. वर पिवळे थेंब तरंगत असतील तर काम झालेले नाही. आणखी थोडा साबण घालून पुन्हा घुसळा. तेल पाण्यात मिसळत नाही, साबण दोघांचा हात हातात देतो. बोअरचे पाणी फार जड असेल तर साबण फाटतो. अशा गावात पावसाचे किंवा गाळलेले गोडे पाणी वापरा.

आता टबात कापड बुडेल इतके कोमट पाणी घ्या आणि हे दूध त्यात ओतून ढवळा. धुतलेले, अजून ओलसर असलेले कापड उलटे करून त्यात सोडा. कोरडे कापड टाकले तर जिथे आधी भिजेल तिथेच तेल जास्त बसते. हलक्या हाताने दाबून सगळीकडे पाणी पोहोचवा आणि दोन-तीन तास, जाड घोंगडी असेल तर रात्रभर, तसेच राहू द्या. पाणी गार होत जाते तसे तेल धाग्यावर बसत जाते. नंतर खंगाळू नका. टॉवेलात दाबून सावलीत पसरा. वाळायला दोन-तीन दिवस लागतात. सुरुवातीला थोडे चिकट लागेल, वापरात ते जाते.

पिवळे डाग पडले किंवा फारच चिकट झाले तर घाबरू नका. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतले की जास्तीचे निघून जाते. काही जण पेट्रोलसारख्या द्रवात लॅनोलिन विरघळवून फवारतात. दुकानात आणि घरात हे करू नका. आग लागायला एक ठिणगी पुरते.

कशाला द्यावे, कशाला नाही

पुष्कळदा धुतलेली घोंगडी, शेतावरची कांबळी, जाड विणीचे स्वेटर, मोजे आणि टोप्या यांना याचा गुण येतो. नव्या हातमागाच्या घोंगडीला गरज नसते. तिच्यात मेंढीचे स्वतःचे तेल शिल्लक असते आणि विणकराने चिंचोक्याची खळ दिलेली असते. नवी घोंगडी कडक लागते ती या खळीमुळे, कोरडेपणामुळे नव्हे. वापरता वापरता ती मऊ होते. हे गिऱ्हाईकाला आधीच समजावून सांगा म्हणजे तक्रार येत नाही. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची घोंगडी मुळातच मऊ असते.

पश्मिना, भरतकामाची काश्मिरी शाल, रेशीम मिसळलेला माल आणि कच्च्या रंगाचे कापड यांच्या वाटेला जाऊ नका. ते जाणकाराचे काम आहे. रंग पक्का आहे का हे ओला पांढरा फडका दाबून पाहावे. काही लोकांच्या कातडीला लॅनोलिन सोसत नाही, खाज सुटते. गिऱ्हाईकाला तेवढे विचारून घ्यावे.

कसरीबद्दल गैरसमज

तेल दिले म्हणजे कसर लागणार नाही, असे काही विक्रेते सांगतात. ते खरे नाही. कसरीची अळी लोकरच खाते आणि घामाचे, अन्नाचे डाग असलेला भाग तिला जास्त आवडतो. तिच्यावर इलाज एकच, माल स्वच्छ करून आणि पूर्ण वाळवून ठेवणे. ठेवण्यापूर्वी तास-दोन तास ऊन द्या, शिवणींत ब्रश फिरवा, कारण अंडी तिथेच असतात. सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी उघडून झटका. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडाच्या पुरचुंडीत, थेट लोकरीवर नको. त्या वासाचा कपडा वापरण्यापूर्वी चांगला वारा द्या आणि तान्ह्या बाळाला त्यात गुंडाळू नका. काही बाळांच्या रक्तावर त्याचा वाईट परिणाम होतो. एखाद्या महागड्या वस्तूला कसर लागलीच तर ती प्लॅस्टिकमध्ये बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवली की अळी व अंडी मरतात. कोकणातल्या बांधवांनी दमट हवेकडे विशेष लक्ष द्यावे. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि वरून कोरडीच लागते.

यात धंदा आहे

आज दख्खनी लोकरीची अवस्था वाईट आहे. एका मेंढीपासून वर्षाला किलोच्या आतच लोकर मिळते. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही भावातून निघत नाही, म्हणून धनगर ती टाकून देतात. सनगर विणकरांचे खड्डामाग एकेक करून बंद झाले. पिंजाऱ्यांच्या घरची मुले दुसऱ्या कामाला लागली. ज्या पिंजारी चाचांनी मला शिकवले त्यांचे हत्यार आज माळ्यावर पडून आहे. गिऱ्हाईक म्हणते घोंगडी टिकत नाही. ती टिकते, पण तिला सांभाळायचे कसे हे सांगणारे कोणी राहिले नाही.

इथे आपल्याला वाव आहे. गेली काही वर्षे मी माल विकताना निगा कशी राखायची याची एक चिठ्ठी सोबत देतो. थंडीच्या सुरुवातीला जुनी घोंगडी, कांबळी धुऊन, तेल देऊन परत करतो. भांडवल म्हणाल तर दोन टब, वजनकाटा, लॅनोलिनचा डबा आणि पसरायला जागा. दुकानामागे जागा असलेल्याला हे जमते, आणि घरातल्या स्त्रियाही हे काम उत्तम करतात. एक पथ्य मात्र पाळा. गिऱ्हाईकाचा माल ही आपल्याकडची अमानत आहे. घेताना लांबी-रुंदी मोजून, फाटके-डाग पाहून पावतीवर लिहा. धाग्याची परीक्षा त्याच्यासमोर करा. आधी एका कोपऱ्यावर करून पाहा, मग पूर्ण मालाला हात लावा. पहिल्या वर्षी फक्त स्वतःच्या घरची कांबळी घ्या. हात बसला की मग दुसऱ्याची घ्या.

जुना माल नवा करून दिला तर नवीन माल कोण घेईल, असे काही बांधव विचारतात. माझा अनुभव उलटा आहे. ज्याची आजोबांची घोंगडी मी नीट करून दिली, तो मुलीच्या लग्नाची कांबळी घ्यायला माझ्याकडेच आला.

तात्यांनी ठेवलेला तो काळा मणी मी काडीपेटीत घालून गल्ल्यात ठेवला आहे. लोकरीचा माल घेऊन कोणी नवा व्यापारी आला आणि वास घेऊन बघा म्हणाला, की मी गल्ला उघडतो आणि आधी काडी काढतो.